दोन डब्यांची चूल आणि द्राक्षाच्या काड्या

भांडीबाजारात डबा घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, किती किलोचा हवा? चुलीसाठी डबा घेणाऱ्याला किलोचा उपयोग नाही, व्यास मोजावा लागतो. म्हणून पट्टी खिशात ठेवायची. एकात एक डबा बसवून धूर जाळणारी, पाठपिशवीत नेता येणारी सरपणाची चूल करायची होती, त्यासाठी आम्ही स्टीलचे दोन डबे घेतले. एक १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ उंचीचा, दुसरा १३ व्यासाचा आणि १६ उंचीचा. मोठ्याचं झाकण घट्ट बसणारं हवं. लहान्याचं झाकण लागत नाही, पण त्याचा काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला असलाच पाहिजे, कारण आतला डबा त्याच काठावर लटकणार आहे. पत्रा २६ गेजचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पुरतो. त्याहून जाड घेतला तर चूल टिकते जास्त, पण पाठीवर बोलते.

याआधी एक नमुना टिनच्या डब्यांतून केला होता. आत एक किलोचा रसगुल्ल्याचा डबा, बाहेर केटररकडून आणलेला आंब्याच्या रसाचा तीन किलोचा. खर्च शून्य. पण त्या डब्यांना आतून लाखेसारखा लेप असतो, तो आधी मोकळ्यावर जाळून काढावा लागतो आणि त्याचा वास घरात नको वाटतो. वरचा कथलाचा थर २३२ अंशांना वितळतो, त्यानंतर नुसतं लोखंड उरतं. एका पावसाळ्यात बूड गंजून चाळण झालं. शिवाय दोन डब्यांत सव्वादोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी राहत होती. एवढ्या मोकळ्या जागेत हवा आळशासारखी चढते आणि तापतही नाही. दीड सेंटिमीटर पोकळी बरी, म्हणून स्टीलकडे वळलो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणखी तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. नट-बोल्टही चकचकीत पांढऱ्या मुलाम्याचे नकोत, एसएसचेच, म्हणजे स्टेनलेस स्टीलचेच मागायचे.

अशा चुलीत जळतो तो मुख्यतः धूर. वाळलेलं लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच वायू होऊन बाहेर पडतो, कोळसा होऊन उरतो तो बाकीचा. तीन दगडांच्या चुलीवर यातला बराच वायू न जळता डोळ्यांत जातो. दोन डब्यांच्या चुलीत खालून थोडी हवा सरपणाला मिळते आणि बरीचशी हवा दोन भिंतींच्या मधून वर चढते. चढताना तापते आणि आतल्या डब्याच्या काठाखालच्या भोकांतून नेमकी त्या धुरावर येते. जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब ज्यांनी वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. बंबात मधल्या जाळाभोवती पाणी तापतं, इथे हवा तापते.

आता कापाकापी. मोठा डबा उलटा करायचा, म्हणजे त्याचं बूड वर येतं आणि तोंड खाली जातं. त्या बुडाच्या मधोमध लहान डबा टेकवून पेन्सिलने वर्तुळ काढायचं आणि रेषेच्या अगदी किंचित बाहेरून कापायचं. एक मिलिमीटर जास्त चालतं, तीन जास्त झालं तर लहान डबा काठासकट आत पडतो. रेषेवर ओळीने भोकं पाडून मधल्या भिंती छिन्नीने तोडल्या आणि गोल कानशीने कड घासली. हे काम हातमोजे घालूनच करायचं, कापलेल्या स्टीलची बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, पातीसारखी लागते. लहान डबा वरून आत सोडला की काठावर अडकून लटकतो आणि त्याच्या बुडाखाली चार सेंटिमीटर जागा राहते. मोठ्या डब्याचं झाकण खालून लावलं की तेच राखेचं ताट होतं.

स्टीलला भोक पाडताना लोक घाई करतात आणि ड्रिलला शिव्या घालतात. मशिन जोरात फिरवलं आणि हलक्या हाताने टेकवलं तर बिट नुसतं घासतं. घासलं की स्टील त्या जागी आणखी कडक होतं आणि मग तिथे काहीच चालत नाही. उलट करायचं. सेंटर पंचने ठसा मारायचा, मशिन अगदी हळू ठेवायचं, हाताचा दाब भरपूर द्यायचा आणि प्रत्येक भोकाला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे. कापलेल्या पत्र्याची लांब कुरळी निघत राहिली की बरोबर चाललंय, भुगा पडायला लागला की थांबायचं. कोबाल्टचं बिट घेतलं तर एकात सगळी चूल होते. डबा चेपू नये म्हणून आत लाकडाचा ओंडका घालायचा. हार्डवेअरच्या दुकानात अजून सुताच्या भाषेत बोलतात. ६ मिलिमीटरला दोन सूत म्हणायचं, १२ ला चार सूत.

भोकांचा हिशोब असा. आतल्या डब्याच्या काठाखाली २० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरची २० भोकं, सारख्या अंतरावर. दोन भोकांत दीड सेंटिमीटरहून किंचित जास्त अंतर येतं. आतल्या बुडाला त्याच मापाची १२. बाहेरच्या डब्याला, खालच्या झाकणाची कड सोडून, तळापासून साडेतीन सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची १६ भोकं. क्षेत्रफळ काढलं तर बुडाची भोकं ३४० चौरस मिलिमीटर, वरची ५६५ आणि बाहेरची १८०० ला टेकतात. बाहेरची वाट आतल्या दोन्हींच्या बेरजेच्या दुप्पट ठेवायची, कारण शेतात-रानात दोन-चार भोकं पाल्याने, दगडाने झाकली जातातच.

बुडाला १२ हा आकडा पहिल्या झटक्यात आलेला नाही. आधी हौसेने ३७ पाडली होती. भरपूर हवा म्हणजे भरपूर जाळ असं कुणालाही वाटतं. जाळ झालाही, वीतभर, पिवळा, पातेल्याच्या बाजूंनी वर जाणारा. दोनशे ग्रॅम काड्या बारा मिनिटांत संपल्या, पातेलं काळंकुट्ट झालं आणि वरच्या भोकांतून काहीच जळताना दिसेना. खालून हवा जास्त गेली की सगळं सरपण एकदम पेटतं, वायू एकदम सुटतो आणि वरची हवा त्याला पुरत नाही. पाडलेलं भोक बुजवता येत नाही. स्टीलच्या जुन्या ताटलीची साडेनऊ सेंटिमीटरची चकती कापून, तिला १२ भोकं पाडून ती बुडावर टाकली. जळण्याचा वेळ वीस मिनिटांवर गेला. आता पुन्हा करायची झाली तर आधी ८ पाडायची, जाळून बघायचं, मग वाढवायची.

भांडं टेकायला एसएसचे तीन बोल्ट, एम-६, ३० मिलिमीटर लांबीचे. मोठ्या डब्याचं बूड कापून वर जे कडं उरलं, त्यातून खालून वर घातले आणि नटाने आवळले. भांड्याचं बूड चुलीच्या काठापासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास वर राहतं. दीडवर आणलं तर ज्योत थंड बुडाला लागून विझते आणि काजळी धरते. चारवर नेलं तर धग वाऱ्याला जाते. बोल्ट एकमेकांपासून लांब पडल्यामुळे १३ सेंटिमीटरहून लहान बुडाचं चहाचं पातेलं मध्ये कलंडतं. त्याला गॅसच्या शेगडीवरची छोटी जाळी ठेवली की काम होतं. सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या पुढे-मागे भरतं. सोलो स्टोव्ह लाइट ही विकतची चूल याच तत्त्वावरची आणि २५५ ग्रॅमची आहे, त्यामुळे वजनावर आपण हरलो. पण चुलीपेक्षा सरपणावर मेहनत जास्त फळते, आणि त्या बाबतीत नाशिककराला तक्रार करायला जागा नाही.

ओझर, पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, कुठेही जा, वर्षातून दोनदा द्राक्षबागेची छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि साधारण ऑक्टोबरातली फळछाटणी. बांधावर काड्यांचे ढीग पडतात. काडी पेन्सिलपासून करंगळीएवढी जाड, सरळ आणि जवळपास एकाच मापाची. या चुलीला हेच माप लागतं. शेतकरीदादांना विचारून गोणीभर घेतली तर कुणी नाही म्हणत नाही, मात्र अलीकडे बरेच जण काड्यांचा चुरा करून ओळीतच टाकतात, म्हणून छाटणीच्या आठवड्यातच जायचं.

काडी ओली असतानाच सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, ९ सेंटिमीटरचे तुकडे करायचे. वाळल्यावर ती कापताना फुटते आणि मनगट दुखतं. ९ सेंटिमीटर का? वरची भोकं डब्याच्या बुडापासून १० सेंटिमीटरवर आहेत आणि सरपण भोकांच्या खालीच राहायला हवं. तुकडे कांद्याच्या जाळीच्या गोणीत भरून पत्र्याच्या छपराखाली टांगायचे. एप्रिलच्या काड्या मे अखेरीस तयार होतात. ऑक्टोबरच्या काड्यांना थंडीत दीड-दोन महिने द्यावे लागतात. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, नीट वाळलेल्यात बारा ते वीस टक्के. वजनकाटा नसेल तर काडी मोडून बघायची. 'कट्' असा कोरडा आवाज आला पाहिजे. वाकून सालीला लोंबकळली तर ती परत गोणीत.

एक काळजी मात्र घ्यायची. बागेवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं तांबं असलेलं मिश्रण) आणि गंधकाची फवारणी झालेली असते. साल पांढरट-निळसर दिसली तर काड्या एक-दोन पावसात धुऊ द्यायच्या आणि मग वाळवायच्या. ज्योतीच्या कडेला हिरवट झाक आली तर तांबं अजून आहे असं समजायचं. अशा काड्यांवर झाकण ठेवलेलं पाणी तापवावं, उघड्या जाळावर वांगं भाजू नये. बागेतल्या तारेचे आणि सुतळीचे तुकडेही काढून टाकायचे, त्यात प्लास्टिकची सुतळी हमखास निघते.

काड्या नसतील तर तुरीच्या तुराट्या चांगल्या, पण हलक्या, पटकन संपतात. बाभळीच्या ढलप्या टिकतात, पेटायला वेळ घेतात. दाणे काढलेली मक्याची कणसं तीन-चार तुकडे करून मध्ये उभी केली तर निखारा छान देतात. गोवरी या चुलीत घालू नये, राख इतकी होते की बुडाची भोकं बुजतात.

पेटवताना नेहमीची सवय मोडावी लागते. चुलीत आपण खाली कागद-काटक्या ठेवतो आणि वर लाकूड रचतो. इथे उलट. काड्या डब्यात उभ्या भरायच्या, घट्ट नाही आणि सैलही नाही, बोट मध्ये जेमतेम शिरेल एवढ्या. साधारण पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम मावतात. त्यावर मूठभर बारीक ढलप्या, सुकी साल किंवा नारळाची शेंडी, आणि हवं तर खोबरेल तेलात बुडवलेली कापसाची वात. आगपेटीची काडी लावायची ती वरून. आग वरून खाली उतरत जाते आणि खालच्या काड्यांचा वायू वरच्या निखाऱ्यांतून पार होऊन येतो.

पहिली दोन मिनिटं साधा पिवळा जाळ. या वेळात भांडं ठेवायचं नाही. आतला डबा तापला की काठाखालच्या वीस भोकांवर एकेक ज्योत उभी राहते. ती भोकांतून निघाल्यासारखी आत वळते आणि मध्यभागी एकमेकींना भिडते, गॅसच्या बर्नरसारखी, फक्त रंग नारिंगी. मधला धूर दिसेनासा होतो. आता भांडं चढवायचं. नव्या स्टीलवर याच वेळी आधी सोनेरी, मग जांभळी-निळी झाक चढते, ती नंतर निघत नाही.

पांढरा दाट धूर एकदम उसळला तर वरची ज्योत विझलेली असते आणि वायू न जळता सुटत असतो. फुंकणीने खालून फुंकायचं नाही, त्याने धूर आणखी वाढतो. पेटती काडी वरच्या भोकांजवळ धरली की भप्पकन पेट घेतं, म्हणून तोंड लांब ठेवायचं. वारंवार विझत असेल तर तीन कारणं तपासायची: काड्या दमट, काड्या भोकांच्या वर आलेल्या, किंवा वारा. वाऱ्याच्या बाजूला दगडांचा किंवा पत्र्याचा आडोसा करायचा, पण चुलीपासून वीतभर लांब आणि एकाच बाजूने. चारी बाजूंनी कोंडली तर बाहेरच्या भोकांना हवाच मिळत नाही.

लिटरभर पाण्याचा हिशोब मांडला तर, नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. २५ अंशांवरून तिथे न्यायला ७३ किलोकॅलरी लागतात. वाळलेली काडी ग्रॅमला पावणेचारच्या आसपास किलोकॅलरी देते, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर २० ग्रॅम काड्या पुरल्या असत्या. प्रत्यक्षात झाकण ठेवून, वारा नसताना, शंभर ग्रॅमच्या आगेमागे लागतात आणि आठ-दहा मिनिटं जातात. म्हणजे पाचातला एक हिस्सा पाण्याला मिळाला. झाकण काढलं की हाच आकडा सव्वाशे-दीडशेवर जातो. आम्ही काड्या शंभर-शंभर ग्रॅमच्या जुड्या बांधूनच नेतो. चौघांचा सकाळचा चहा एक जुडी.

खिचडीला चौघांसाठी ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ आणि पावणेदोन लिटर पाणी. तीन लिटरचं पातेलं लागतं. पहिला भरणा उकळी येईपर्यंत आणि थोडा पुढे पुरतो. मग डब्यात निखारे उरतात आणि वरून पुन्हा भरायचा मोह होतो. पूर्ण भरला तर पाच मिनिटं नुसता धूर. त्याऐवजी पातेल्याखालच्या फटीतून तीन-चार काड्या आडव्या सारायच्या, त्या पेटल्या की पुढच्या. खिचडीला नंतर तशीही मंद धग हवी असते. चार जुड्यांत ती होते. पिठलं मात्र या चुलीवर जपून करावं, ज्योत मधोमध एकवटते आणि पातळ बुडाच्या पातेल्यात तिथेच करपतं. तवा मध्ये ठेवला की तेच. भाकरी तव्यावर एक बाजू धरली की उरलेलं काम निखाऱ्यांवर जाळी ठेवून करायचं.

उंचीवर डाळ शिजत नाही, ती चुलीची चूक नाही. साल्हेरचा किल्ला १५६७ मीटर उंच आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तूरडाळ तासभर खदखदली तरी दाणा उभा. डाळ बाटलीत भिजत घालून चालायला लागलं की पायथ्यापासून वर येईपर्यंत ती निम्मी शिजल्यासारखी होते, आणि घ्यायची ती मूग किंवा मसूर.

अर्थात वर गडावर चूल पेटवायची नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात, परवानगी असलेला काळ सोडून, आग पेटवणं किंवा पेटती आग बाळगणं गुन्हा आहे. डब्यातली आग ही आगच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात त्यावर वन्यजीव अधिनियमाचं कलम ३० लागतं. जानेवारी संपला की त्र्यंबक-सुरगाण्याकडचं गवत असं वाळतं की एक ठिणगी पुरे. साल्हेर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तिथल्या गुहेच्या छताला आणखी काजळी लावण्यात शहाणपण नाही. गडावर दशम्या-चटणी न्यावी. चूल मांडावी ती गडांच्या पायथ्याच्या गावांत, आशेवाडीत, हर्षेवाडीत, वाघांब्यात, कुणाच्या तरी अंगणात. "मावशी, इथे कोपऱ्यात चूल मांडली तर चालेल ना?" एवढं विचारलं की पाण्याची कळशीही मिळते. जाताना पाण्याचे, जागेचे पैसे द्यायचे, घेत नसतील तर चहा-साखरेचा पुडा ठेवायचा. चुलीखाली सपाट दगड ठेवायचा, शेणाने सारवलेल्या अंगणाला डाग पडतो.

पाऊस आला म्हणून चूल पडवीत ओढणं ठीक, तंबूत किंवा बंद खोलीत कधीही नाही. धूर दिसतो तोवर माणूस सावध असतो. खरा धोका नंतरच्या शांत निखाऱ्यांचा, त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. थंडीत ऊब येते म्हणून उशाला चूल घेऊन झोपणाऱ्यांसाठी हे लिहिलंय.

स्वयंपाक उरकला की डब्यात तीस-चाळीस ग्रॅम कोळसा उरतो. त्यावर पापड भाजावेत, एक-दोन कांदे पुरावेत. मग सगळं झाकणाच्या ताटात ओतून पाणी मारायचं, काडीने ढवळायचं, पुन्हा पाणी मारायचं आणि हात टेकवून गार झालंय ना ते बघायचं. गरम चुलीवर मात्र पाणी ओतायचं नाही, पत्रा आकसून बूड वाकडं होतं आणि चकती बसेनाशी होते. भांड्याला आधीच बाहेरून ओल्या राखेचा लेप दिला असेल तर काजळी लेपासकट निघते, नाहीतर राख आणि नारळाची शेंडी आहेच. चूल आतून घासत बसू नये. बुडाची बारा भोकं तेवढी खिळ्याने मोकळी करायची, बोल्ट हाताने आवळून बघायचे आणि डबा पिशवीत घालण्याआधी पुढच्या खेपेच्या दोन जुड्या आत उभ्या भरून ठेवायच्या. तेवढीच पाठपिशवीत जागा वाचते आणि काड्याही मोडत नाहीत.